तीन गाई आणि साडेसहाशे वर्षांचा तह

14 जुलै हा फ्रान्सचा राष्ट्रीय सण. बास्तीयचा तुरुंग फोडून जनतेने राजसत्तेला आव्हान दिले, त्या दिवसाची ही आठवण. पण या सणाच्या आदल्या दिवशी, 13 जुलैला, फ्रान्समधल्या एका डोंगरी खोऱ्याचे गावपुढारी छातीवर निळा-पांढरा-लाल पट्टा लावून पिरेनीज पर्वतातल्या एका खिंडीत जातात आणि पलीकडच्या स्पॅनिश खोऱ्याला तीन गाई देतात. का, तर तसे ठरले आहे म्हणून. ठरले कधी, तर 1375 साली. तेव्हा कोलंबस जन्माला यायचा होता, आणि आपल्याकडे दख्खनमध्ये बहमनी राज्य स्थापन होऊन जेमतेम पाव शतक उलटले होते. युरोपात आजही पाळला जाणारा सर्वांत जुना करार म्हणून याचे नाव घेतले जाते. असे दावे काटेकोरपणे सिद्ध करणे अवघड असते.

करार दोन खोऱ्यांमधला आहे. उत्तरेला फ्रान्सच्या बेआर्न प्रांतातले बारेतूस, दक्षिणेला स्पेनच्या नवारा प्रांतातले रोंकाल. मध्ये पर्वताची धार. बारेतूसमधले आरामित्स हे गाव मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. अलेक्झांडर द्यूमाच्या ‘थ्री मस्केटिअर्स’मधल्या आरामिसला याच गावच्या घराण्याचे नाव मिळाले आहे. रोंकालमध्ये सात गावे आहेत, आणि त्यांतले खिंडीच्या वाटेवरचे मोठे गाव म्हणजे इसाबा. वस्ती चारेकशे. तिथल्या प्रमुखाला कागदोपत्री नगराध्यक्ष म्हणत असले तरी गावाचा आकार पाहता आपण त्याला सरपंचच म्हणू. 13 जुलैच्या समारंभाचा यजमान हा इसाबाचा सरपंच असतो.

समारंभ होतो 1,760 मीटर उंचीवर, सान मार्तीनच्या दगडापाशी. मूळ दगड काळाच्या ओघात गेला. त्याच्या जागी आज दोन देशांच्या सरहद्दीचा 262 क्रमांकाचा दगड उभा आहे. रोंकालची मंडळी दगडाच्या दक्षिणेला उभी राहतात: अंगात काळा झगा, गळ्याशी पांढरी रुंद कॉलर, डोक्यावर काळी टोपी. बारेतूसची मंडळी उत्तरेला, साध्या सुटाबुटात आणि वर तो सरकारी पट्टा. दगड मध्ये. कोणीही दुसऱ्याच्या हद्दीत पाय टाकत नाही.

मग इसाबाचा सरपंच विचारतो, की मागील वर्षांप्रमाणे तुम्ही दोन वर्षे वयाच्या, सारख्या दातांच्या, सारख्या रंगाच्या, सारख्या शिंगांच्या आणि अंगावर काही खोड नसलेल्या तीन गाई द्यायला राजी आहात काय? समोरून उत्तर येते, ‘होय, महाशय.’ प्रश्न तीनदा विचारला जातो, उत्तर तीनदा दिले जाते. फ्रेंच माणसे हे उत्तर स्पॅनिशमध्ये देतात. नंतर बारेतूसचा एक सरपंच आपला उजवा तळहात दगडावर ठेवतो. त्यावर रोंकालच्या एका सरपंचाचा हात, त्यावर पुन्हा बारेतूसचा, अशी हातांची चळत रचली जाते. सर्वांत वर इसाबाच्या सरपंचाचा हात. तो तीनदा म्हणतो, ‘पाक्स आवांत’, म्हणजे इथून पुढे शांतता, आणि बाकीचे त्याच्यामागून तेच म्हणतात. पूर्वी या विधीत भालेही असत. एक दगडावर आडवा ठेवला जाई, दुसरा पलीकडच्या जमिनीत रोवला जाई. गेल्या काही पिढ्यांपासून भाले गेले, हात राहिले.

इथपर्यंतचा भाग छायाचित्रकारांच्या आवडीचा. खरे काम त्यानंतर सुरू होते, आणि ते पाहायला गर्दी कमी असते. बारेतूसने तीनच गाई आणलेल्या नसतात, जास्त आणलेल्या असतात. रोंकालचा पशुवैद्य त्यांच्यात फिरतो, जबडा उघडून दात बघतो, शिंगांची ठेवण पाहतो, पाठीवरून हात फिरवतो आणि तीन निवडतो. दोन गाई इसाबाच्या वाट्याच्या. तिसरी उस्तारोस, उर्सैंकी आणि गार्दे या तीन गावांकडे आळीपाळीने जाते. त्यानंतर कुरणाच्या राखणदारांची नेमणूक होते. चार राखणदार हात दगडावर ठेवून शपथ घेतात. मग कोणाची तक्रार असेल तर ती पुकारायची: अमक्याची मेंढरे ठरल्या तारखेआधी वर आली, तमक्याने पाणवठा खराब केला. शेवटी इसाबाचा लेखनिक सगळ्याची नोंद करतो, दोन्हीकडचे पुढारी सह्या करतात, आणि मेंढीच्या मटणाच्या जेवणाला सगळे एका पंगतीत बसतात.

या सगळ्याचे मूळ पाण्यात आहे. आणि इथे एक विरोधाभास आहे, जो भूगोल समजल्याशिवाय कळत नाही. या भागात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि बर्फ पडते, म्हणजे आपल्या कोकणपट्टीच्या तोडीचे पाणी. तरीही वर खिंडीजवळ उन्हाळ्यात जनावरांना प्यायला पाणी मिळणे मुश्किल. कारण जमीन चुनखडीची. आनी शिखराच्या पायथ्याशी लारा नावाचा विस्तीर्ण उघडा कातळ पसरला आहे. तो भेगांनी आणि विवरांनी इतका फुटलेला आहे, की पडलेले पाणी वर थांबतच नाही, सरळ खाली उतरते. ओढा वाहताना दिसत नाही. दिसतात ते फक्त मोजके झरे, जिथे कातळाखाली पाणी न झिरपणारा थर असतो तिथे. गवत दोन्हीकडे पुरेसे होते. भांडण गवतापेक्षा झऱ्यांवरून होते.

हे पाणी जाते कुठे, याचा पत्ता विसाव्या शतकात लागला. 1950 साली जॉर्ज लेपिन्यू या फ्रेंच संशोधकाला खिंडीजवळ एका विवराचे तोंड सापडले. खाली तीनशे मीटरहून अधिक सरळ खोल विहीर होती. 1952 मध्ये मार्सेल लूबाँ हा तरुण शोधक तारेच्या दोराला लटकून वर येत असताना दोराची पकड निसटली, तो खाली कोसळला आणि दीडेक दिवसाने तिथेच वारला. त्याचा देह वर आणायला 1954 साल उजाडले. त्याच काळातल्या शोधांत भूगर्भातली नदी आणि ला वेर्ना नावाचे प्रचंड दालन सापडले. ते आज जगातल्या सर्वांत मोठ्या गुहादालनांपैकी एक मानले जाते. जगातली सर्वांत खोल ज्ञात गुहा म्हणूनही या जागेचे काही काळ नाव होते. आणि गंमत अशी, की विवराचे ते तोंड फ्रान्समध्ये की स्पेनमध्ये, यावरून पुन्हा वाद झाला. सरहद्द तिथून काही पावलांवर होती. मेंढपाळांच्या पूर्वजांना या भूगर्भातल्या नदीची कल्पना नव्हती. वर पाणी टिकत नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.

दुसरी गोष्ट कालगणनेची. पिरेनीजच्या उंच कुरणांवर मे अखेरपर्यंत, कधी जूनपर्यंत बर्फ असते. ऑक्टोबरात पुन्हा पडू लागते. म्हणजे वरचे गवत खायला मिळतात ते चार-पाच महिने. रोंकालची मेंढरे हिवाळ्यात खाली, नवाराच्या दक्षिण भागातल्या बार्देनास रेआलेस या जवळजवळ वाळवंटी माळावर जातात. शंभरहून अधिक किलोमीटरची ही पायवाट शतकानुशतके ठरलेली आहे, आणि माळावर पाय ठेवायचा दिवसही ठरलेला: 18 सप्टेंबर. त्या माळाचा कारभार बावीस हक्कदार मिळून बघतात. रोंकाल त्यांतला एक आहे. आपल्या धनगरांना ही चाल नवी नाही. पावसाळ्यात माळरानावर आणि पुढे कोकणात उतरणारे कळप जसे पंचांग पाळतात तसेच हेही पाळतात. अशा जगण्यात आठवडाभराचा उशीर म्हणजे उपासमार, आणि शेजाऱ्याचा आठवडाभराचा आगाऊपणा म्हणजे लूट. म्हणून तारखांवर माणसे मरत.

1373 साली नेमके तेच घडले, असे परंपरा सांगते. आर्लास डोंगराजवळच्या झऱ्यावर दोन मेंढपाळांची गाठ पडली. एक इसाबाचा पेद्रो कार्रिका, दुसरा आरेतचा पिएर सान्सोले. आधी कोणाची जनावरे पाणी पितील यावरून शब्दाला शब्द वाढला, हातघाईवर आले आणि सान्सोले मारला गेला. त्याच्या चुलतभावाने माणसे जमवून बेलागुआच्या पठारावर धाव घेतली. कार्रिका सापडला नाही, त्याची गरोदर बायको सापडली. तिला मारले. मग रोंकालचे लोक पर्वत ओलांडून रात्री आरेतला गेले आणि त्या चुलतभावाच्या घरात शिरले. पुढे सूडाला सूड, चकमकीला चकमक, आणि शेवटी एक मोठी लढाई, ज्यात दोन्हीकडची अनेक माणसे पडली. या कथेत नंतर चार कानांचा एक राक्षसी योद्धाही येतो, त्यामुळे तपशिलांवर किती विसंबायचे ते वाचकाने ठरवावे. इतके मात्र खरे, की तंटा एवढा पेटला, की दोन्हीकडच्या धन्यांना लक्ष घालावे लागले. नवाराचा राजा दुसरा चार्ल्स आणि बेआर्नचा अधिपती गास्ताँ फेबूस. दुसऱ्याचे नाव इतिहासात शिकारीवरच्या ग्रंथामुळे जास्त टिकले आहे.

त्या दोघांनीही निवाडा स्वतः केला नाही. तो केला आन्सोच्या लोकांनी. आन्सो हे शेजारचे खोरे, तिसऱ्याच राज्यातले, आरागॉनमधले. या तंट्यात त्यांचा थेट स्वार्थ नव्हता, पण मेंढ्या पाळणारे तेही होते. कोणत्या झऱ्याला उन्हाळ्यात किती पाणी असते, किती मेंढरांनी कुरण उघडे पडते, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. आन्सोचा प्रमुख सांचो गार्सिया आणि त्याच्या गावातल्या जाणत्या माणसांनी साक्षी घेतल्या, हद्दीची पाहणी केली आणि 16 ऑक्टोबर 1375 रोजी आन्सोच्या सान पेद्रो चर्चमध्ये निवाडा वाचून दाखवला. राजाचे वकील नाहीत, धर्मपीठाचे न्यायाधीश नाहीत. शेजारच्या गावचे पंच. माझ्या मते या साऱ्या प्रकरणात सर्वांत शहाणपणाचा निर्णय हाच होता. निवाडा कसा असावा यापेक्षा तो कोणी करावा, हे त्यांनी आधी नीट ठरवले.

निवाड्यात मोठे शब्द कमी आहेत आणि दिवस, जागा, जनावरे यांचा हिशेब जास्त. वादातली कुरणे आणि झरे कोणते, त्यांच्या हद्दीचे दगड कुठे, हे त्यात नमूद केले. बारेतूसच्या जनावरांना 10 जुलैपासून सलग 28 दिवस त्या कुरणात चरायची आणि झऱ्याचे पाणी प्यायची मोकळीक दिली. त्यानंतर रोंकालची पाळी, नाताळपर्यंत. बदल्यात बारेतूसने दरवर्षी तीन गाई द्यायच्या. गाईंची पद्धत निवाड्याच्या आधीपासूनच होती, निवाड्याने ती पक्की केली, असे बरेच अभ्यासक मानतात. तसे असेल तर पंचांनी नवे काही न लादता चालत आलेल्या रिवाजाला अर्थ आणि मुदत दिली, असे म्हणता येते.

असे करार पिरेनीजच्या दोन्ही अंगांना शेकड्यांनी होते. स्पॅनिशमध्ये त्यांना फासेरिया म्हणतात, फ्रेंच बाजूला पासेरी. त्यांची कलमे वाचताना गावकीतला माणूस हसेल, कारण ती त्याच्या ओळखीची आहेत. शेजारच्या कुरणात चरायचे ते सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत. रात्री कळप आपापल्या हद्दीत परत. हद्दीबाहेर सापडलेली जनावरे अडकवून ठेवायची, म्हणजे आपल्याकडचा कोंडवाडाच, आणि दंड भरल्यावर सोडायची. दिवसा सापडल्यास दंड कमी, रात्री सापडल्यास जास्त, कारण दिवसाची चूक असू शकते, रात्रीची क्वचितच. रोगट कळप वेगळा ठेवायचा. राखणदार दोन्हीकडचे असायचे आणि त्यांची शपथ दोन्हीकडच्या लोकांसमोर व्हायची. अर्थशास्त्रज्ञ एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना सामाईक संपत्तीच्या अभ्यासासाठी 2009 साली नोबेल मिळाले. टिकाऊ सामाईक व्यवस्थांत त्यांना जी लक्षणे दिसली, म्हणजे स्पष्ट हद्द, वापरणाऱ्यांनीच केलेली राखण, चुकीच्या प्रमाणात वाढत जाणारा दंड आणि स्वस्तात मिळणारा न्याय, ती सगळी या मेंढपाळांच्या कागदांत आधीच लिहिलेली होती.

यांतले सर्वांत धाडसी प्रकरण मात्र रोंकालचे नव्हे. ते पूर्वेकडे, गारोन नदीच्या उगमाकडच्या आरान खोऱ्याच्या वेशीवर घडले. 1512 साली स्पॅनिश फौजांनी नवाराचे राज्य घेतले. फ्रान्सचा राजा बारावा लुई आणि आरागॉनचा राजा फर्डिनांड एकमेकांवर चालून गेले होते. अशा ऐन युद्धात, 22 एप्रिल 1513 रोजी, दोन्ही राज्यांतल्या पर्वतखोऱ्यांचे प्रतिनिधी प्लान दार्रेम नावाच्या जागी एकत्र आले आणि त्यांनी एक तह केला. राजे लढोत, आपण लढायचे नाही. चराई, व्यापार आणि ये-जा युद्धातही चालू राहील. आणि एखाद्या बाजूच्या फौजा पर्वत ओलांडून येणार असतील तर त्या बाजूच्या खोऱ्यांनी पलीकडच्यांना तीस दिवस आधी वर्दी द्यायची, म्हणजे त्यांना माणसे, जनावरे आणि चीजवस्तू सुरक्षित हलवता येईल. आजच्या कायद्याच्या भाषेत याला फितुरी म्हणावे लागेल. तरीही दोन्ही राजांनी अशा करारांना मान्यता दिली.

राजांनी ती का दिली, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. एक कारण व्यवहाराचे. पर्वतात वर्षभर सैन्य ठेवणे परवडत नव्हते. ती राखण स्थानिकांनीच करायची होती. उपाशी आणि चिडलेल्या डोंगरी माणसांना राजाची निष्ठा शिकवण्यापेक्षा त्यांना मीठ, लोकर, धान्य आणि जनावरांची ने-आण करू देणे सोयीचे होते. दुसरे कारण, खोऱ्यांकडे जुने हक्क होते आणि ते मोडायला गेल्यास दंगा होई, हे राजांना अनुभवाने कळले होते. पुढे राज्ये बळकट झाली, जकातनाकी आली, तसा सरकारचा सूर बदलला. तहाच्या आडून तस्करी चालते अशी तक्रार वाढली. ती खोटीही नव्हती. डोंगरातली माणसे देवदूत नव्हती. त्यांना शांतता हवी होती, ती धंद्यासाठीसुद्धा.

1659 च्या पिरेनीज तहाने फ्रान्स आणि स्पेन यांची सरहद्द पर्वतरांग असेल असे ठरवले, पण ती नेमकी कोणत्या शिखरावरून आणि कोणत्या ओढ्यातून जाते, हे कोणी जमिनीवर आखले नाही. 1785 साली कारो आणि ओर्नानो या दोन आयुक्तांनी नवाराच्या भागात सरळ रेषा मारून सामाईक कुरणे कापायचा प्रयत्न केला. कागदावर तो तर्कशुद्ध होता. जमिनीवर दोन्हीकडचे मेंढपाळ त्याविरुद्ध उभे राहिले, मग फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली, युद्ध आले आणि तो करार बारगळला. पुढच्या पिढीने त्यातून धडा घेतला. 2 डिसेंबर 1856 रोजी बायोन शहरात झालेल्या तहाने अटलांटिकच्या बाजूची सरहद्द आखली. 1862 आणि 1866 च्या तहांनी ती भूमध्य समुद्रापर्यंत नेली. सारी सरहद्द 602 क्रमांकित दगडांनी आखली गेली. सान मार्तीनच्या दगडाच्या जागी 262 क्रमांक आला तो यात. पण बायोनच्या तहात एक कलम असेही होते, की जुन्या फासेरिया संपल्या, दोन सोडून. त्या दोन कायमच्या. एक, आएस्कोआ खोरे आणि सां-झां-पिए-द-पोरकडच्या सीझ खोऱ्यामधली, 1556 च्या निवाड्यानुसार. दुसरी, रोंकाल आणि बारेतूसमधली, 1375 च्या निवाड्यानुसार. बाकीच्या गावांना नवे करार करायला मुभा होती, फक्त एका वेळी पाच वर्षांहून जास्त मुदतीचे नकोत.

त्याच तहात किंतो रेआल नावाच्या रानाचीही गोष्ट आहे. तिथे मध्ययुगात डुकरे ओक आणि बीचच्या झाडांखालची फळे खायला नेत, आणि नवाराचा राजा दर पाच डुकरांमागे एक घेई. रानाचे नाव या पाचव्या हिश्श्यावरून पडले. 1856 मध्ये जमीन स्पेनकडे राहिली, पण उत्तरेकडच्या भागाचा चराईचा हक्क फ्रान्सच्या बैगोरी खोऱ्याला कायमचा मिळाला. त्यासाठी फ्रान्सने वर्षाला 8,000 फ्रँक द्यायचे ठरले. म्हणजे नकाशावर स्पेन आणि गवतावर फ्रान्स. आज फ्रान्समध्ये त्या भागातल्या बास्क डुकरांच्या मांसाला किंतोआ हे संरक्षित नाव मिळाले आहे.

पाण्याचा हिशेब पूर्वेकडे सेर्दान्या पठारावर आणखी बारकाईने झाला. तिथे पुइग्सेर्दा हे स्पॅनिश शहर आहे, आणि त्याला पाणी पुरवणारा कालवा बाराव्या शतकापासून वाहतो. 1659 च्या तहानंतर तो कालवा जिथून पाणी उचलतो ती जागा फ्रान्समध्ये गेली, शहर स्पेनमध्ये राहिले. 1866 च्या तहाला जोडलेल्या पुरवणीत अशा पाण्याचे नियम दिले. त्यांचा कस शंभर वर्षांनी लागला. फ्रान्सला लानू तळ्याचे पाणी अटलांटिककडे वळवून वीज करायची होती, आणि तितकेच पाणी बोगद्यातून परत कारोल नदीत सोडायचे होते, पुइग्सेर्दाच्या कालव्याच्या वर. स्पेनचे म्हणणे, आमची संमती घेतल्याशिवाय तुम्हाला हे करता येणार नाही. लवादापुढे खटला गेला. 16 नोव्हेंबर 1957 रोजी निकाल लागला: पाणी तितकेच आणि वेळेवर परत येत असेल तर तहाचा भंग होत नाही; वरच्याने खालच्याशी प्रामाणिकपणे चर्चा करायला हवी, पण खालच्याला नकाराधिकार नाही. आंतरराष्ट्रीय नद्यांच्या कायद्यावरच्या पुस्तकांत लानू तळ्याचा हा निकाल आजही उद्धृत होतो. त्याची मुळे कालव्यावर ज्यांची शेते भिजत होती त्या गावांच्या जुन्या हक्कांत आहेत.

रोंकालकडे परत येऊ. तीन गाई ही खंडणी की भाडे, यावर दोन्हीकडे अजून चर्चा होते. रोंकालचे लोक अभिमानाने ‘त्रिबूतो’ म्हणजे खंडणी म्हणतात. बारेतूसचे लोक तो शब्द टाळतात. त्यांच्या मते ही गवत-पाण्याची किंमत आहे, फार तर शांततेची. एकोणिसाव्या शतकात काही फ्रेंच लोकांना हा विधी अपमानास्पद वाटू लागला होता, आणि भाले नाहीसे होण्यामागे हीच नाराजी असावी. कोणाचे बरोबर? दोघांचेही, असे म्हणण्यात सोय आहे, पण मला बारेतूसचे म्हणणे अधिक पटते. तीन गाईंनी कोणी गरीब होत नाही, म्हणून ही खंडणी होऊ शकत नाही. आणि तीन गाईंच्या मोबदल्यात 28 दिवसांचे पाणी मिळत असेल तर सौदा फायद्याचा आहे. मात्र रोंकालला आपण धनी आहोत असे वाटणे आणि बारेतूसला आपण स्वस्तात सुटलो असे वाटणे, या दोन्ही समजुती एकाच वेळी टिकल्या, म्हणून करार टिकला हेही तितकेच खरे. नवारा सरकारने 2011 मध्ये या समारंभाला संरक्षित सांस्कृतिक वारशाचा दर्जा दिला.

अर्थात यामुळे तिथे स्वर्ग उतरला असे नाही. निवाड्यानंतरही तंटे झाले, जुन्या कागदांत त्यांची दखल आहे. समारंभात तक्रारी ऐकण्याचा भाग म्हणूनच आहे. आता झऱ्यांवरून कोणी भांडत नाही, कारण वर जाणारे मेंढपाळच कमी झाले. बारेतूसची बाजू स्कीच्या हंगामासाठी जास्त ओळखली जाते, आणि आरेत गाव 13 ऑगस्ट 1967 च्या भूकंपात जवळजवळ जमीनदोस्त होऊन पुन्हा बांधले गेले आहे. जे मेंढपाळ उरले त्यांना चीजने तारले. रोंकालचे चीज हे 1981 साली स्पेनमध्ये मूळस्थानाचे संरक्षण मिळवणारे पहिले चीज ठरले. पलीकडच्या ऑसो-इराती चीजला तसेच संरक्षण वर्षभर आधी मिळाले होते. दोन्ही मेंढीच्या दुधाची, दोन्ही त्याच पर्वताच्या गवताची.

नवा वाद अस्वलांचा आहे. पिरेनीजमध्ये तपकिरी अस्वले जवळजवळ नामशेष झाली होती. फ्रेंच सरकारने 2018 च्या ऑक्टोबरमध्ये स्लोव्हेनियाहून आणलेल्या दोन माद्या बेआर्नमध्ये सोडल्या. त्यांतली एक थोड्याच काळात सरहद्द ओलांडून नवारात उतरली आणि रोंकालच्या मेंढपाळांची मेंढरे मारली जाऊ लागली. अस्वलाला 262 क्रमांकाचा दगड कळत नाही, आणि 1375 च्या पंचांनी अस्वलासाठी कलम लिहून ठेवलेले नाही. या वेळी नुकसानभरपाई पॅरिस आणि पाम्प्लोनाच्या दप्तरांतून ठरते. दोन्ही खोऱ्यांचे मेंढपाळ मात्र या प्रश्नावर एका बाजूला आहेत, जे 1373 मध्ये नव्हते.

समारंभ उघड्या खिंडीत होतो, कोणीही तो पाहू शकते. इसाबाहून बेलागुआ पठारावरून आणि आरेतहून फ्रेंच बाजूने, दोन्हीकडून डांबरी रस्ता खिंडीपर्यंत जातो. जुलै महिना असला तरी तिथे धुके अचानक उतरते आणि थंडी वाजते, तेव्हा जाणाऱ्याने गरम कपडे जवळ ठेवावेत, आणि हातांच्या चळतीनंतर लगेच परत न फिरता राखणदारांची शपथ होईपर्यंत थांबावे.